पाहुण्याच्या चेहऱ्यावर चित्रपट विकू नका

कोल्हापुरात उमा टॉकीजच्या चौकात या आठवड्यात एका येऊ घातलेल्या मराठी विनोदी चित्रपटाचा फलक लागलाय. अर्ध्याहून जास्त जागा हिंदीतल्या एका बड्या नटाच्या चेहऱ्यानं व्यापली आहे. ज्या तिघांनी सगळा चित्रपट ओढायचा आहे, ते पार खाली, फलकासमोर लावलेल्या मोटारसायकलींच्या आड गेलेत. बड्या नटाच्या नावाआधी ‘विशेष भूमिकेत’ असं बारीक अक्षरात छापलंय. अशा चित्रपटाचा ट्रेलर निदान दोन मिनिटांत संपतो. हा फलक महिनाभर सांगत राहणार, की या चित्रपटात बघण्यासारखं जे काही आहे ते बाहेरून आणलेलं आहे.

पाहुणा कलाकार विनोदी चित्रपटाला तारतो की मारतो, हा वाद घालायला मला दोनच चित्रपट पुरतात. दोन्हींत पाहुणा एकच, अमिताभ बच्चन.

पहिला बासू चटर्जींचा ‘छोटीसी बात’, १९७६ सालचा. ‘दीवार’ आणि ‘शोले’ आदल्याच वर्षी आलेले, म्हणजे अमिताभच्या नुसत्या दिसण्यानं थिएटर डोक्यावर घ्यायचे दिवस. चित्रपटाचा नायक मात्र अमोल पालेकरांचा अरुण, बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मुलीशी बोलायलाही घाबरणारा कारकून. तो खंडाळ्याला एका कर्नलकडं धडे घ्यायला जातो, आणि त्याच कर्नलचा सल्ला घ्यायला अमिताभ आलेला दिसतो. काम घडीभराचंच. पण त्या घडीभरात काय होतं बघा. अशोक कुमारांचा कर्नल एकदम मोठा होतो, कारण एवढा मोठा नटसुद्धा त्याच्या दारात येतो. अरुणलाही धीर येतो, कारण अडचण सगळ्यांनाच असते. अमिताभ येतो तो कर्नलचा गिऱ्हाईक म्हणून, काम करून जातो आणि गोष्ट पुढं सरकते. निर्माते बी. आर. चोप्रांना यात स्वतःच्या ‘जमीर’ची जाहिरातही करायची होती, हे मला मान्य आहे. तरीही तो प्रसंग गोष्टीचाच आहे. तीन वर्षांनी ‘गोलमाल’मध्ये हृषीकेश मुखर्जींनी हाच धागा आणखी ताणला. तिथं पालेकरांचा रामप्रसाद स्वप्नात नट होतो आणि अमिताभ बाजूला पडतो. पाहुण्यानं आपला मोठेपणा नायकाच्या पायाशी ठेवला, म्हणून आपण हसतो.

दुसरा चित्रपट मिलिंद लेले यांचा ‘एबी आणि सीडी’. १३ मार्च २०२० ला लागला आणि दोन-चार दिवसांतच कोरोनानं थिएटरं बंद पाडली, त्यामुळं गल्ल्याचा हिशेब कुणी मला दाखवू नये. गोष्ट चंद्रकांत देशपांडे या म्हाताऱ्याची. घरात त्याला फारसं कुणी विचारत नाही. मग कळतं की हा अमिताभ बच्चनच्या शाळेतला, आणि सगळ्यांची वागणूक बदलते. कल्पना उत्तम आहे, खरी आहे, प्रत्येक वाड्यात घडणारी आहे. त्यात चंद्रकांतरावांचं काम विक्रम गोखल्यांचं. शब्द उच्चारण्याआधी ते जो श्वास घेत, त्यावर नाटकवाल्यांच्या दोन पिढ्या जगल्या.

आणि इथंच माझा जीव तुटतो. म्हाताऱ्याला त्याच्या स्वतःच्या गुणांसाठी मान द्या, कुणा मोठ्याच्या ओळखीसाठी नको, असं सांगणाऱ्या चित्रपटानं स्वतःच्या नावातच एबीला पुढं बसवलं. घरच्यांनी चंद्रकांतरावांचं जे केलं, तेच आपण सगळ्यांनी गोखल्यांचं केलं. पडद्यावर ते एकेक क्षण रंगवत होते आणि प्रेक्षकाचं निम्मं लक्ष ‘तो’ कधी येणार याकडं. ‘अग्निपथ’मध्ये १९९० साली हेच गोखले कमिशनर गायतोंडे म्हणून अमिताभसमोर उभे राहिले होते, तेव्हा दोघांत कोण पाहुणा असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. २०२२ च्या नोव्हेंबरात गोखले गेले. त्यांच्या उतारवयातल्या या विनोदी कामावर कुणी चार ओळी धड लिहिल्याचं मला आठवत नाही.

आपल्याकडं लग्नात मंगलाष्टकं चालू असताना आमदार येतात. अक्षता मुठीतच राहतात, माइक भटजींकडून निवेदकाकडं जातो, सत्कार होतो आणि नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना ताटकळतात. विनोदी चित्रपटात पाहुणा आला की बहुतेक वेळा हेच होतं. विनोद ठेक्यावर चालतो. शिट्ट्या सुरू झाल्या की पुढची दोन वाक्यं बुडतात, आणि ज्या नटानं त्या वाक्यासाठी जागा तयार केलेली असते त्याचं काम वाया जातं. मारामारीच्या चित्रपटाला याचा त्रास नाही. ‘लय भारी’त सलमान खान आला, लोक ओरडले, रितेशच्या ठोशाचं काही बिघडलं नाही. ‘अगं बाई अरेच्चा!’त सोनाली बेंद्रेचं गाणं गाजलं, पण बायकांच्या मनातलं ऐकू येणाऱ्या संजय नार्वेकरच्या श्रीरंगचं घोडं तेवढा वेळ अडलंच. ‘व्हेंटिलेटर’मध्ये प्रियांका चोप्रा स्वतः निर्माती असूनही थोडीच दिसली, याचं श्रेय तिला आणि दिग्दर्शक राजेश मापुसकरांना दिलंच पाहिजे.

आता माझं नेहमीचं गाऱ्हाणं, कोल्हापूरचं. कोल्हापुरात विनोदी चित्रपट उभा राहिला तो बारक्या कामांवर. मास्टर विनायकांनी ‘लग्न पाहावं करून’मध्ये दामुअण्णा मालवणकरांना चिमणराव आणि विष्णुपंत जोगांना गुंड्याभाऊ केलं, तेव्हा चेहरा देखणा आहे का हे बघितलं नाही. गणपत पाटील, वसंत शिंदे, भालचंद्र कुलकर्णी ही माणसं दोन प्रसंगांसाठी यायची आणि ते दोन प्रसंग घरी घेऊन जाता यायचे. ती शाळाच मोडली. जयप्रभा स्टुडिओची दुर्दशा आपण रोज बघतोय, आणि मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकांचे सेट उभारले म्हणजे नट घडत नाहीत. माझी तर खात्री आहे, की बारक्या कामाला माणूस मिळेना म्हणूनच निर्माते मोठ्या नावामागं धावायला लागले. आकडा दाखवा म्हणाल तर माझ्याकडं नाही.

निर्माते म्हणतात, नाव असल्याशिवाय पहिला शो भरत नाही. सचिनच्या ‘अशी ही बनवाबनवी’त १९८८ साली एकही पाहुणा नव्हता. तरीही सुधीर जोशींचा घरमालक आज पोरं ‘विश्वास सरपोतदार’ असं पूर्ण नावानिशी सांगतात, नयनताराबाईंच्या लीलाबाई काळभोरांची नक्कल गणेशोत्सवात अजून होते. पाहुण्याच्या एका दिवसाचे पैसे वाचवून असे पाच नट महिनाभर तालमीला बसवा, आणि फलकावर त्यांचे चेहरे मोटारसायकलींच्या वर येतील एवढे मोठे छापा.