कर्मवीर दादासाहेब आणि आपला सातबारा

कर्मवीर दादासाहेब गायकवाड म्हटले की आपल्याला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावच्या या सुपुत्राने १९३० साली परमपूज्य बाबासाहेबांच्या आदेशाने नाशिकची ती आघाडी सांभाळली. १९५७ साली ते नाशिकमधून लोकसभेवर गेले, १९६२ साली राज्यसभेवर. दिल्लीत जाऊनही अंगावर धोतरच राहिले. आपल्यातल्याच काही सुटाबुटातील मंडळींनी त्याची टिंगल केली. दादासाहेबांचे लक्ष मात्र भूमिहीनाकडे होते.

दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्याला ताठ मानेने जगू दिले जात नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. आमच्या माताभगिनी कडेवर लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या. संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, बौद्धांना सवलती द्या, पडीक जमीन भूमिहीनांना द्या, या १९६४ च्या मागण्या होत्या. तैलचित्र लागले, केंद्राच्या सवलती मिळाल्या. दोन्ही १९९० साली. जमिनीची मागणी मात्र अजून अपुरीच आहे.

दादासाहेबांच्या नावाने शासनाची सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन बौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तिच्यात तरतूद आहे. गावाकडील भाऊबंदांना समाजकल्याण कार्यालयात चौकशी करायला सांगा. २९ डिसेंबरला स्मृतिदिनी प्रतिमेला हार जरूर घाला. पण त्या दिवशी घरात एवढेही विचारा, गावच्या सातबाऱ्यावर आपले नाव कुठे आहे?

जयभीम!