अभ्यासिकेतला इंजिनिअर

माझा भाचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि गेली चार वर्षं पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसतो. महिन्याच्या भाड्यात त्याला एक टेबल, एक खुर्ची, एक प्लग आणि सामाईक पंखा मिळतो. परवा भेटायला गेलो तर टपरीवर चहा पाजत त्याने शेजारच्या टेबलांची ओळख करून दिली: एक सिव्हिल, एक बीएस्सी अ‍ॅग्री, एक एमए मराठी. २०२३च्या तलाठी भरतीला चौघांनीही फॉर्म भरला होता. जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांच्या वर. फी खुल्या प्रवर्गाला हजार, राखीवला नऊशे. “मामा, सातबाऱ्याला थर्मोडायनॅमिक्स लागत नाही, पण पदवी लागते,” भाचा म्हणाला.

या सगळ्याचं खापर कित्येक जण वसंतदादा पाटलांवर फोडतात. १९८३ साली मुख्यमंत्री असताना त्यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. मला हे खापर फोडणं पटत नाही. तोवर ऐपत असलेली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जात, बाकीची घरी राहत. दादांच्या निर्णयामुळे शेतकऱ्यांच्या घरात इंजिनिअर आले; मी त्यांतलाच एक. पण आमच्या कॉलेजात (नाव नको, अजून चालू आहे) साठ जणांच्या वर्गाला धड चालणारा लेथ एकच. प्रॅक्टिकल म्हणजे सीनिअरचं जर्नल उतरवून काढणं. सबमिशनच्या आदल्या रात्री मी कधीच न केलेल्या जॉबची मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक लिहिली होती. सरांनी सही केली. पुढे भोसरीत नोकरी टिकली ती एका आयटीआय झालेल्या फोरमनने सहा महिने शिव्या घालत शिकवलं म्हणून.

तेवढी सवड आता कोण देतो? कंपन्यांना तयार माणूस हवा, तोही कंत्राटावर. ‘मुलांत स्किल नाही’ ही त्यांची ओरड म्हणूनच मला अर्धी खरी वाटते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४च्या अहवालात २०२२चे आकडे आहेत: भारतातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगार २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४. निरक्षर पोराला बसून राहणं परवडत नाही, त्याला उद्या सकाळी मिळेल त्या मजुरीवर जावंच लागतं. भाच्याला वाट बघता येते, कारण गावाकडे दाजी सोयाबीन विकून पैसे पाठवतात. भाव पडला की अभ्यासिकेचं भाडं थकतं.

आता २०३५पर्यंत उच्च शिक्षणातल्या प्रवेशाचं प्रमाण पन्नास टक्क्यांवर न्यायचं, असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. न्यावं की. नवी कॉलेजं निघतील, त्यांच्या इमारतींना काचा असतील. प्रवेशाच्या दिवसांत मुलाला घेऊन जाल तेव्हा एवढं करा: वर्कशॉपचं कुलूप उघडायला लावा आणि लेथ चालू करून दाखवा म्हणा.