मूत्राशयाचा स्मॉल सेल कर्करोग: बातमीतले औषध तुमच्यासाठी आहे का?

मूत्राशयाच्या कर्करोगावर नवे औषध आल्याची बातमी वाचली की, ‘हे आमच्या रुग्णाला का देत नाही?’ असे नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘स्मॉल सेल’ किंवा ‘न्यूरोएंडोक्राइन’ असे लिहिले असेल, तर उत्तर वेगळे असते.

हा प्रकार वेगळा कसा?

मूत्राशयाच्या शंभर कर्करोगांत तो जेमतेम एक असतो. लक्षण नेहमीचेच, म्हणजे लघवीतून रक्त जाणे. मात्र तो झपाट्याने पसरतो. स्कॅनमध्ये गाठ मूत्राशयापुरती दिसली, तरी काही पेशी आधीच बाहेर पडलेल्या असू शकतात.

आधी केमो का?

म्हणूनच बहुधा आधी सिस्प्लॅटिन व इटोपोसाइड ही केमोथेरपी देतात आणि नंतर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन करतात. गाठीमुळे मूत्रवाहिनी अडून मूत्रपिंडावर ताण आला असेल, तर सिस्प्लॅटिन देणे कठीण होते. मग कार्बोप्लॅटिनचा विचार होतो.

नव्या औषधांचे काय?

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही जोडी पसरलेल्या यूरोथेलियल, म्हणजे नेहमीच्या प्रकारच्या कर्करोगासाठी मंजूर केली. यातले पहिले औषध पेशीवरील नेक्टिन-४ या प्रथिनाला चिकटून काम करते. स्मॉल सेल पेशींवर हे प्रथिन बहुधा कमी असते.

मे २०२४ मध्ये मंजूर झालेले टार्लाटामॅब डीएलएल३ या प्रथिनावर काम करते. ते प्रथिन मूत्राशयाच्या अनेक स्मॉल सेल गाठींवरही आढळते. पण मंजुरी फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगासाठी आहे.

खरी अडचण इथेच आहे. रुग्ण इतके थोडे असतात, की मोठ्या चाचण्या होत नाहीत. त्यामुळे बरेचसे उपचार फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या अनुभवावरून ठरतात.

डॉक्टरांना हे विचारा

- गाठ पूर्ण स्मॉल सेल आहे की मिश्र?
- स्लाइड्स व ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्याव्यात का?
- शस्त्रक्रियेआधी केमो देता येईल का? मूत्रपिंडांचे काम कसे आहे?
- मेंदूचा एमआरआय हवा का?
- आम्हाला बसेल अशी क्लिनिकल ट्रायल कुठे चालू आहे का?

दुसरे मत जरूर घ्या, पण त्यासाठी आठवडे घालवू नका. या आजारात उपचार लवकर सुरू होणे फार महत्त्वाचे आहे.