हिशेब लिहायला संकोच कसला?

हिंगणघाटला अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. "धंदा बसला," असं ते दर ईदनंतर म्हणायचे. वर्ध्याला बी.कॉम. करताना मी महिनाभर दुकानाची रोजकीर्द लिहिली. धंदा बसलेला नव्हता. घरखर्चासाठी गल्ल्यातून काढलेले पैसे कुठेच लिहिले जात नव्हते आणि गिऱ्हाइकांची उधारी फक्त आठवणीत होती. दुकान वेगळं, मालक वेगळा, हे अकाउंट्समध्ये सुरुवातीलाच शिकवतात. मालकाने घरासाठी घेतलेला रुपयाही 'उचल' म्हणून लिहायचा असतो.

दुसरी गोष्ट व्याजाची. 'शेकडा तीन' ऐकायला किरकोळ वाटतं. पण ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के! हे गणित कळेपर्यंत घरातले दागिने गेलेले असतात.

वर्ध्यात १९४० पासून वाणिज्य महाविद्यालय आहे. तरीही आपल्या अनेक घरांत कॉमर्स म्हणजे सायन्सला न गेलेल्यांची वाट. माझ्या मते, ज्या घरात छोटा धंदा आहे, तिथल्या एका तरी मुलाने किंवा मुलीने हे शिकायलाच हवं.

भावाभावांत लिहिलं तर अविश्वास दिसेल, असं म्हणतात. पण कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरहची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायलाच सांगते. रक्कम लहान असो की मोठी. न लिहिलेल्या हिशेबावरूनच पुढे वाटणीत भांडणं होतात.

अब्बा आधी चिडले होते, "पोरगी हिशेब मागते!" आता रात्री शटर ओढण्याआधी तेच वही मागतात.