झटका मशीन : अनुदानाआधी नकाशा द्या



ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरे येतात. पऱ्हाटीला बोंडे धरली की रोह्यांचा कळप येतो. रात्रीच्या जागलीत आमच्या पिढ्या गेल्या. म्हणून आम्ही सौर झटका मशीन बसवले. कुणी पदरच्या पैशाने, कुणी वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतून. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी ऐन हंगामात झटका बसेना. दुकानदार म्हणतो, मशीन कंपनीकडे पाठवू, पंधरा दिवस लागतील. डुकरे पंधरा दिवस थांबत नाहीत.

आमचे म्हणणे असे की, बंद म्हणून परत पाठवलेले मशीन पुष्कळदा बिघडलेलेच नसते. दोष तारेत, जमिनीत नाहीतर बॅटरीत असतो. तो आम्हाला शोधता येतो. शोधायचा कसा, एवढेच कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट, तार. मशीन बंद करून कुंपणाची तार सोडा, पुन्हा चालू करा. टेस्टरवर मशीनच्या टोकाला झटका जोरदार दिसला आणि तार जोडताच पडला, तर मशीन ठीक आहे. मग धुऱ्याने फिरा. कुठे गवत किंवा तुरीची फांदी तारेला टेकली असेल, इन्सुलेटर फुटला असेल, गाठ गंजली असेल. रात्री जिथे चटचट ऐकू येते, तिथे झटका जमिनीत उतरतो आहे.

दुसरी गोष्ट, अर्थिंग. ही खास आम्हा कोरडवाहूंची अडचण. झटका तारेतून जनावराच्या अंगात आणि तिथून जमिनीतून मशीनकडे परत गेला, तरच तो बसतो. पावसाळ्यात जमिनीला ओल असते, म्हणून सगळे सुरळीत. दिवाळीनंतर काळी जमीन वाळते, भेगाळते आणि झटका मंदावतो. हातभर सळई ठोकून भागत नाही. किमान तीन सळया, तीन-चार फूट खोल, दहा-दहा फुटांवर ठोकून एका तारेने जोडा. तिथे अधूनमधून घागरभर पाणी ओता. तरीही जमले नाही, तर एक आड एक तार अर्थिंगला जोडा. डुक्कर दोन तारांना एकदम टेकले की झटका बसतोच.

तिसरी गोष्ट, बॅटरी आणि पॅनेल. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी पुरती भरून थोडा वेळ विसावली की 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 च्या खाली गेली तर ती रिकामी समजा. हंगाम संपला की रिकामी बॅटरी आपण गोठ्यात टाकतो. उन्हाळाभर तशीच पडली की आतल्या प्लेटांवर थर बसतो, मग ती भरत नाही. ही चूक आमची आहे. बॅटरी भरून ठेवा, महिन्या-महिन्याने पुन्हा भरा. पॅनेलवरची धूळ पुसा. काही मशीने पॅनेलवरचा उजेड पाहून संध्याकाळी आपोआप सुरू होतात. पॅनेलवर एखाद्या दिव्याचा उजेड पडत असेल, तर असे मशीन रात्रीलाच दिवस समजते.

एक गोष्ट बजावून सांगतो. मशीन चालत नाही म्हणून खांबावरची लाईन तारेत सोडू नका. मशीनचा झटका हजारो व्होल्टचा असला तरी क्षणात संपतो, मध्ये अंग सोडवायला वेळ मिळतो. लाईन सोडत नाही. तिने डुक्कर मरते, तसा पहाटे शेतात निघालेला शेजारीही मरतो. पीक वाचवायला निघालेला शेतकरी तुरुंगात जातो.

आता सवाल सरकारला आणि कारखानदारांना. किती मशीने वाटली, याचा हिशेब कागदावर असतो. त्यांतली आज किती चालू आहेत, हे कोण मोजते? औत, बैलगाडी, इंजिन आम्ही गावातच दुरुस्त करत आलो. या डब्याला मात्र सील, आणि सील तोडले की वॉरंटी गेली. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारेही धरली. तो हक्क आमच्या धुऱ्यापर्यंत यायला हवा.

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही तीन मागण्या मांडतो. प्रत्येक मशीनबरोबर जोडणीचा नकाशा आणि दोष शोधण्याची माहिती मराठीत मिळावी. सुटे भाग तालुक्याच्या गावी विकत मिळावेत. आणि तालुक्यातल्या कारागिराने मशीन उघडले म्हणून वॉरंटी जाऊ नये. आम्ही फुकट मागत नाही. भागाचे दाम देऊ, कारागिराची मजुरी देऊ. पण आमच्याच धुऱ्यावर उभ्या असलेल्या मशीनसमोर आम्हाला अडाणी ठेवू नका.

बैठकीला येताना बंद पडलेले मशीन आणि बॅटरी सोबत आणा. आधी आपण तपासू. मग कुणाचा दोष किती, ते चारचौघांसमोर ठरेल.