ऑटोमॅटिक डिझेल गाडीला जादा कूलर: आधी तापमान मोजा, मग किट विका

मागच्या व्हिडिओत आपण ‘वस्तू विकायची की गरज ओळखायची’ यावर बोललो. त्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जादा ऑइल कूलरचं उदाहरण मी दोन मिनिटांत उरकलं, आणि बॅचमधल्या गॅरेजवाल्या पोरांनी नेमकं तेच धरून ठेवलं. गडहिंग्लजकडच्या एकानं सरळ विचारलं, "सर, किट बसवायला अर्धा दिवस लागतोय, मार्जिन चांगलं हाय, रील टाकली की गिऱ्हाईक येतंय. मग विकू का नको?" व्हिडिओत याला वेळ मिळाला नव्हता, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. कूलर चांगली वस्तू आहे, काही गाड्यांना ती खरंच पाहिजे. पण आपल्याकडं आज ती ज्या पद्धतीनं विकली जातेय, म्हणजे ‘साहेब, घाटात जाता ना, मग लावूनच घ्या’, ती पद्धत दुकानाच्या मुळावर येणारी आहे. थर्मामीटर न लावता तापाचं इंजेक्शन देण्यातला हा प्रकार आहे.

आता मुळात गिअरबॉक्स तापतो का, हे समजून घ्या. कारण गिऱ्हाईक हाच प्रश्न विचारणार, आणि तिथं तुम्ही अडखळलात तर बाकीची सगळी सेल्स ट्रेनिंग फुकट.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेल असतं. एक टेबलफॅन चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद फॅन ठेवा, वाऱ्यानं दुसराही फिरायला लागतो, पण पहिल्याइतका नाही. मधला जो फरक आहे, ती घसरण. त्या घसरणीत वाया गेलेली ताकद उष्णता होऊन तेलात जाते. हायवेला एका वेगात गाडी धरली की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकमेकांना जखडतो, घसरण थांबते, तेल थंड राहतं. म्हणून कोल्हापूरहून पुण्याला १०० च्या स्पीडनं जाणाऱ्या माणसाचा गिअरबॉक्स निवांत असतो. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, पुढं उसाचा ट्रॅक्टर नाहीतर एसटी, थांब-चल थांब-चल, तिथं लॉक-अप बराच वेळ उघडा राहतो आणि सगळी घसरण तेलाच्या माथी बसते.

किती उष्णता? जरा हिशेब करू. वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला यायचं म्हणजे गाडी साधारण ५०० मीटर वर उचलायची. माणसं आणि सामान धरून अडीच टन वजन धरा. तेवढं वजन तेवढं उचलायला सुमारे ३.४ युनिट ऊर्जा लागते, आपल्या लाईट बिलावर जे युनिट असतं तेच. आता समजा कन्व्हर्टरमध्ये पाचवा भाग वाया गेला, तर ०.८५ युनिट उष्णता तेलात गेली. अर्ध्या तासाच्या चढाला हे म्हणजे दीड-पावणेदोन किलोवॅटचा पाणी तापवायचा रॉड गिअरबॉक्सच्या सात-आठ लिटर तेलात बुडवून ठेवण्यासारखं आहे. हा आकडा गिऱ्हाइकाला सांगा, लगेच डोक्यात बसतो. आणि गंमत बघा, आपल्याकडची माणसं कोकणात उतरताना काळजी करतात, पण गिअरबॉक्सची परीक्षा असते परतीच्या वाटेवर. गाडीत आंब्याच्या पेट्या, टपावर बॅगा, दुपारचं ऊन, आणि समोर आंबा, फोंडा, करूळ किंवा आंबोलीचा चढ.

पण कंपनीवाले इंजिनिअर काही झोपलेले नाहीत. या गाड्यांना तेल थंड करायची सोय मुळातच असते. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल इंजिनच्या कूलंटमधून फिरवून आणतात. त्याचा फायदा असा की सकाळी थंड तेल लवकर गरम होतं. तोटा असा की कूलंटच ९० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळं तेल त्याच्या खाली येणारच नाही, आणि घाटात कूलंट तापला की तेलाला आधार उरत नाही. जादा कूलरचं काम इथं सुरू होतं. तो हवेवर चालतो, म्हणून कूलंटच्या खालच्या तापमानापर्यंत तेल नेऊ शकतो.

आता दुकानात काय चुकतंय ते.

पहिली गोष्ट, गाडी ओळखणं. ‘डिझेल ऑटोमॅटिक’ म्हटलं की सगळ्या एका माळेचे मणी नव्हेत. २०१६ ला आलेली २.८ लिटरची इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, एक्सयूव्ही ५००, २०२० ची थार, हॅरियर, डिझेल क्रेटा, यांच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. पण २०१८ ची डिझेल ब्रेझा किंवा डिझेल नेक्सॉनची ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाच्या पायाऐवजी यंत्र. तिथं टॉर्क कन्व्हर्टर नाही, थंड करायला फिरणारं तेलच नाही. चढावर तापतो तो कोरडा क्लच, आणि त्याला कुठलाच ऑइल कूलर उपयोगाचा नाही. तरी एएमटीवाल्याला ‘गिअरबॉक्स कूलिंग पॅकेज’ म्हणून कोटेशन दिलेलं मी स्वतः वाचलंय. कुणाचं होतं ते सोडा. ओळखायची सोपी खूण: बहुतेक एएमटी गाड्यांच्या लिव्हरवर ‘पी’ नसतो. ड्युअल क्लचचा विषय आणखी वेगळा, त्यात कोरडा क्लच आणि तेलातला क्लच असे दोन प्रकार आहेत, ते मॅन्युअल वाचल्याशिवाय हात लावू नका.

दुसरी गोष्ट, क्रम. गाडी तापतेय म्हणून आली की आधी रेडिएटरकडं बघा. आपल्या भागात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाचा पाला, चिपाडाचा भुसा, धूळ. ते सगळं कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, वरून दिसतही नाही. नीट साफ केलं की बऱ्याच तक्रारी तिथंच संपतात. मग गिअरबॉक्सचं तेल. ‘लाइफटाइम फिल्ड आहे, बदलायचं नसतं’ हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. कुणाची लाइफटाइम? गाडीची, वॉरंटीची, की पहिल्या मालकाची? तेलाचा एक जुना ठोकताळा आहे की ठराविक मर्यादेच्या वर दर १० अंशांना त्याचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं. घाटात वापरलेल्या गाडीचं तेल मॅन्युअलमधल्या ‘कठीण वापर’ या रकान्याप्रमाणे बदला. काळपट, जळका वास येणारं तेल तसंच ठेवून पुढं चकचकीत कूलर लावणं म्हणजे करपलेल्या आमटीवर कोथिंबीर.

आणि ड्रायव्हरला विचारा, घाटात गाडी ‘डी’ मध्येच ठेवतो का? मॅन्युअल मोडवर खालचा गिअर धरला तर इंजिन मोकळं फिरतं, घसरण कमी होते, गिअर सारखा वर-खाली होत नाही. ही सूचना फुकट आहे. फुकट सूचना देणाऱ्या दुकानाकडं गिऱ्हाईक परत येतं, हे मी बीबीएच्या पुस्तकात कमी आणि काउंटरवर जास्त शिकलो.

एवढं करूनही शंका राहिली तर तापमान मोजा. बऱ्याच गाड्यांत चांगल्या स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दिसतं. आपल्याला टेस्टला लांब जायची गरज नाही, पन्हाळा आहे की. वाघबिळापासून वर नाक्यापर्यंत, एसी चालू, चार माणसं बसवून, रीडिंग लिहून घ्या. सपाटीला ८० ते ९५ अंश असेल तर गाडी ठणठणीत. चढावर थोडा वेळ ११० पर्यंत गेली आणि सपाटी आल्यावर खाली उतरली, तरी मी कूलर विकत नाही. १२० च्या वर जात असेल आणि खाली यायला वेळ लावत असेल, तर मात्र बोलायचं. हा माझा दुकानातला नियम, प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी असते, ती आधी बघा.

मग खरं गिऱ्हाईक कोण? आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण भरून कोकणात जाणारी टुरिस्ट गाडी. मागं ट्रेलर ओढणारा. डोंगरातल्या शेतावर कच्च्या रस्त्यानं रोज चढणारी थार. अशा माणसाला तुम्ही कूलर नाही लावला तर तुम्ही त्याचं नुकसान करताय, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायची वेळ आली की आकडा लाखात जातो, आणि टुरिस्टवाल्याची गाडी जितके दिवस उभी तितके दिवस त्याची चूल थंड. इएमआय मात्र थांबत नाही. राजारामपुरीतून ऑफिसला आणि रविवारी रंकाळ्याला जाणाऱ्या साहेबांना मात्र याची काही गरज नाही. त्यांना नको म्हणून सांगा. विक्री गेली म्हणून जीव तुटतो, मला माहीत आहे, तरी सांगा.

आता बसवण्याचं काम, यात मी कडक आहे. कूलर कंपनीच्या कूलरच्या पुढं मालिकेत, म्हणजे तिथून बाहेर पडलेलं तेल जादा कूलरमधून गिअरबॉक्सला परत, असा जोडायचा. तेल थंड असताना त्याला बगल देणारा थर्मोस्टॅटवाला व्हॉल्व्ह किटमध्ये पाहिजेच. कोल्हापूर काही काश्मीर नव्हे, पण डिसेंबरच्या पहाटे दोन किलोमीटर दूध आणायला जाणाऱ्या गाडीचं तेल कायम थंड राहणंही गिअरबॉक्सला मानवत नाही. कंडेन्सरच्या पुढं मोठ्यात मोठा कूलर ठोकायचा मोह आवरा. तिथं हवा अडली की एसी मार खातो, इंटरकूलर मार खातो, आणि डिझेलचं इंजिनच तापायला लागतं. शिवाय घाटात १५ च्या स्पीडला समोरून वारा कितीसा येणार? पंख्याची हवा जिथं ओढली जाते तिथं कूलर बसला पाहिजे, नाहीतर त्याला स्वतःचा पंखा पाहिजे.

होज हा सगळ्यात नाजूक मुद्दा. गरम गिअर ऑइल आणि दाब सोसणारा, त्याच कामासाठी बनवलेला होज. पाण्याचा पाइप आणि दोन क्लिपा, हे चालणार नाही. आपल्या शहरात हायड्रॉलिक होज क्रिम्प करून देणारी माणसं आहेत, उद्यमनगरात चौकशी करा, जेसीबीवाल्यांना विचारा. नीट क्रिम्प करून घ्या, कुठं घासत नाही ना बघा, आणि प्लास्टिकच्या टायनं रेडिएटरच्या जाळीला कूलर बांधू नका. होज आणि कूलर वाढला म्हणजे तेलही जादा लागणार. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच तेल, आणि लेव्हल कंपनीनं सांगितलेल्या तापमानालाच तपासायची, कारण यातल्या बऱ्याच गिअरबॉक्सला डिपस्टिकच नसते.

याचा धंद्याचा हिशेब ऐका. समजा एका किटमागं तुम्हाला ३,००० रुपये सुटतात. एक होज करूळ घाटात निसटला, तेल रस्त्यावर गेलं, ड्रायव्हरनं ‘जरा पुढं जाऊन थांबतो’ म्हणत गाडी ओढली, आणि गिअरबॉक्सचं बिल झालं दीड लाख. म्हणजे ५० किटचा नफा एका क्लिपेत गेला. हे नुसतं माणुसकीनं मिटवायचं प्रकरण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनाच्या दायित्वाचं प्रकरण आहे. वस्तूत बदल करणारा विक्रेता आणि निष्काळजी सेवा देणारा, दोघांवरही त्यात जबाबदारी येऊ शकते. ‘आम्ही फक्त बसवून दिलं’ ही सबब तिथं टिकेलच असं धरून चालू नका.

वॉरंटीचंही तसंच. गाडी वॉरंटीत असेल तर गिऱ्हाइकाला वॉरंटीची पुस्तिका उघडून दाखवा. बाहेरून केलेल्या बदलांबद्दलचं कलम त्याच्याकडून वाचून घ्या, आणि मगच ठरवू द्या. अशा गाडीला मी स्वतः कूलर बसवत नाही. आधी त्यांच्याच सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार करा म्हणतो, तापमानाच्या नोंदीसकट. आमचे मिस्त्री यावर नाराज असतात, "आलेलं काम का घालवताय मालक?" म्हणतात. काम जात नाही, वॉरंटी संपल्यावर परत येतं, आणि येताना शेजारच्याची गाडीपण घेऊन येतं.

शेवटी बिल. ‘कूलर फिटिंग’ एवढंच लिहून पैसे घेऊ नका. गाडीचं किलोमीटर रीडिंग, कूलरचा मेक, होज कुठला, तेल कुठलं आणि किती लिटर, एवढं बिलावर आलंच पाहिजे. ५०० किलोमीटरनंतर फुकट तपासणीची तारीख त्यावरच टाका आणि ती आली की तुम्ही फोन करा, गिऱ्हाइकाची वाट बघू नका. आणि खाली दोन रकाने ठेवा, बसवायच्या आधीचं तापमान आणि नंतरचं. दोन्ही वाघबीळ ते पन्हाळा याच चढावरचे, तेवढीच माणसं बसवून आणि एसी चालू ठेवून घेतलेले. पहिला रकाना भरलेला नसेल तर आमच्या दुकानात किट कपाटातून बाहेर काढत नाहीत.