काचेतल्या जीवांचा उन्हाळा

गेल्या वैशाखातील गोष्ट. आमचे थोरले मावसभाऊ, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, यांच्या सोलापुरातील कापडाच्या दुकानात गादीसमोरच शंभर लिटरची एक काचपेटी होती. तीत पाच गोल्डफिश. गिऱ्हाइकांची मुले त्यांच्यापुढे रमत आणि आयांना निवांतपणे साड्या पाहता येत. घरच्या लग्नासाठी शनिवारी रात्री दुकान बंद झाले. जाताना अण्णांनी आठवणीने तीन दिवसांचे खाद्य एकदमच पाण्यात टाकले आणि नित्याच्या शिरस्त्याप्रमाणे मेन स्विच बंद करून शटर ओढले. मंगळवारी सकाळी पाहतात तो पाणी गढूळ आणि कोमट झालेले, आणि पाचांपैकी चार मासे निश्चल तरंगत असलेले.

“माझ्या हातून झाले,” एवढेच ते म्हणाले. पुढे काही दिवसांनी त्यांनी मला विचारले, “पाणी थंड ठेवणारे यंत्र मिळते म्हणे. ते असते तर वाचले असते का?” त्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा अर्धवटच दिले होते. ते आज पूर्ण करतो.

माशाला स्वतःच्या देहाची ऊब राखता येत नाही. पाणी तापले की तोही तापतो, त्याच्या शरीराचे व्यापार वेगाने चालू लागतात आणि त्याला प्राणवायू अधिक लागतो. नेमक्या त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू घटतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. खर्च वाढला आणि आवक घटली, असाच हा हिशेब. त्यात न खाल्लेले अन्न कुजू लागले, तर तेही उरलेला प्राणवायू खाते. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो. अण्णांनी मायेने टाकलेले खाद्यच तेथे भारी पडले.

उपायांतील पहिला आपल्या माठाचाच. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा वारा घालू लागला की बाष्पीभवन वाढते आणि पाणी निवते. सुमारे १७० मिलिलिटर, म्हणजे एक मोठा कप पाणी वाफ होऊन जाताना शंभर लिटर पाण्यातून एका अंशाची उष्णता घेऊन जाऊ शकते. सोलापूर-जळगावच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो. मुंबईच्या दमट हवेत त्याचा जोर ओसरतो. उडालेल्या पाण्याची भर मात्र रोज घालावी लागते.

जेथे पंखा पुरत नाही तेथे चिलर. त्याचे तत्त्व घरच्या फ्रीजचेच. पंप पेटीतील पाणी यंत्रातून फिरवतो, आतील थंड नळी त्याची उष्णता शोषते, आणि ती उष्णता मागच्या जाळीतून खोलीत फेकली जाते. समुद्री पेट्यांसाठी ही नळी टायटॅनियमची हवी. तांबे खाऱ्या पाण्यात झिजते, आणि त्याचा अंश कोळंबीसारख्या जीवांना विषासमान असतो. उष्णता बाहेर फेकली जाते हे विसरून अनेकजण चिलर पेटीखालच्या बंद कपाटात ठेवतात. मग तो आपलीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो. वीज जळते, पाणी काही निवत नाही.

या यंत्राला केव्हा चालू आणि केव्हा बंद व्हायचे हे सांगणारा तो स्वयंचलित नियंत्रक. त्याची तापमापक कांडी पेटीतील वाहत्या पाण्यात, हीटरपासून दूर असावी. २६ अंश हवे असतील, तर चिलर २७ ला सुरू होऊन २६ ला थांबेल, असे अंतर ठेवावे. ते न ठेवल्यास कॉम्प्रेसर क्षणाक्षणाला चालू-बंद होऊन लवकर निकामी होतो. थंडीसाठी हीटरही जोडला असेल, तर तो २५ अंशांच्या आतच थांबला पाहिजे. नाहीतर एक यंत्र तापवते, दुसरे निववते आणि बिल दोघांचे येते. आकडा माशानुसार ठरवावा. गोल्डफिशला २० अंशांच्या आसपासचे पाणी मानवते, डिस्कसला मात्र २८ ते ३० अंश लागतात. आणि घाईने पाण्यात बर्फ ओतू नये. एकाएकी उतरलेले तापमानही माशाला तितकेच घातक ठरते. हळूहळू, तासाला एखाद्या अंशाने उतरू द्यावे.

आता अण्णांचा प्रश्न. चिलर असता तर मासे वाचले असते का? नाही. मेन स्विचबरोबर तोही बंद पडला असता. हवेचा पंप तसाच बंद पडला होता, आणि घाव खरा तेथेच बसला. शटर ओढताना वीज तोडणे ही आपली जुनी, शहाणी सवय आहे; आगीपासून तिने कित्येक दुकाने वाचवली असतील. पण दुकानात जीव ठेवला असेल, तर त्याच्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून वेगळी, सुरक्षित लाइन घ्यावी, वीज गेली तरी चालणारा बॅटरीचा हवापंप ठेवावा, आणि सुट्टीत दिवसातून एकदा डोकावणाऱ्या माणसाकडे किल्ली द्यावी. नियंत्रकही यंत्रच आहे. त्याचा स्विच कधी अडकतोच. म्हणून पेटीत एक साधा, वेगळा थर्मामीटर असावा आणि तो पाहणारे डोळेही असावेत.

नदीतला मासा ऊन वाढले की खोल पाण्यात जातो. काचेच्या पेटीत खोल जायला जागा नसते. ती आपण काढून घेतलेली असते. तेवढी जबाबदारी पेलणार नसेल, तर पेटी न आणणे हेच बरे.

वाचलेला पाचवा मासा सध्या अण्णांच्या घरी, माजघरातल्या गारव्यात आहे. दुकानातील पेटी अजून रिकामीच आहे. नवे मासे आणण्याआधी वायरमनला बोलवायचे, असे त्यांनी ठरवले आहे.